समाजवाद म्हणजे एकाचे काढून दुसऱ्याला देणे, एवढेच का?

आपण विचारले आहे की, समाजवाद म्हणजे कष्ट करणाऱ्याचे काढून न करणाऱ्याला वाटणे एवढेच ना, आणि तसे नसेल तर पैसा, नीती आणि रोजचे सामाजिक व्यवहार यांकडे समाजवादी माणूस कसे पाहतो, हे एखाद्या उदाहरणाने सांगावे. उदाहरण परदेशातले देता आले असते. मी बाजार समितीतल्या हमालाचे देतो, कारण तालुक्याच्या गावी एका आडत्याकडे मी काही काळ वह्या लिहिल्या आहेत आणि हा व्यवहार जवळून पाहिला आहे.

वाटपाची गोष्ट नंतरची. त्याआधी समाजवादी माणूस विचारतो की, कामाचा दर ठरला तेव्हा ते काम करणारा तिथे हजर होता का, आणि काम नसलेल्या दिवसाचा, दुखण्याचा, म्हातारपणाचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडला.

पूर्वी गाडी लागली की टोळी धावायची, पोती उतरवायची, थप्पी लावायची आणि मुकादम देईल ती मजुरी घ्यायची. एकच हमाल दिवसभरात चार गाळ्यांवर काम करी, त्यामुळे याचा मालक कोण असे विचारले की चारही व्यापारी हात वर करत. मालकच सापडत नसेल तर प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मागायची कोणाकडे? पुण्यात बाबा आढाव यांनी 1955 मध्ये हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना, म्हणजे डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना, संघटित केले, आणि अशा रेट्यातून 1969 मध्ये महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ असते. हमालाची नोंद त्या मंडळात होते आणि व्यापाऱ्याचीही होते. व्यापारी झालेल्या कामाची हमाली मंडळाकडे भरतो, शिवाय तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही म्हणजे जादा आकार भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी भागवते. हमाल कोणत्या गाळ्यावर किती वेळ होता हे पाहण्याचे कारणच उरत नाही, कारण सगळा बाजार मिळून त्याचा मालक ठरतो. यात कोणाचा गाळा सरकारजमा झाला नाही, भाव सरकारने ठरवले नाहीत, व्यापाऱ्याचा नफाही कोणी काढून घेतला नाही. समाजवाद म्हणजे सगळ्यावर सरकारी कुलूप, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

आता नीतीकडे येतो. मी ज्यांच्याकडे वह्या लिहीत होतो ते शेठ स्वभावाने भले होते. मंडळाची नोंदणी त्या बाजारात तेव्हा पोहोचली नव्हती, पण दिवाळीला हमालांना कपडे, मुलीच्या लग्नाला उचल, आजारपणात दवाखान्याचे पैसे, हे सारे ते न मागता देत. ती उचल मात्र हमालाच्या नावे वहीत पडे, आणि ती फिटेपर्यंत त्याला दुसऱ्याच्या गाळ्यावर जाता येत नसे, की हमालीच्या दराबद्दल तोंड उघडता येत नसे. शेठना यात काही गैर वाटत नव्हते आणि खरे सांगायचे तर हमालांनाही वाटत नव्हते. उलट शेठ देवमाणूस आहेत, असेच ते म्हणत. समाजवादी माणसाचे भांडण शेठच्या स्वभावाशी नसते. आजारपणात औषध मिळणे हे मालकाच्या स्वभावावर अवलंबून असावे, या व्यवस्थेशी त्याचे भांडण असते. तीच रक्कम उपकार म्हणून मिळाली तर माणसाची मान खाली जाते आणि हक्क म्हणून मिळाली तर जात नाही.

ओझ्याच्या बाबतीतही असेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच शिफारस केली होती की, पुरुष कामगाराला 55 किलोंहून जास्त वजन उचलावे लागत असेल तर ते कमी करण्याचे उपाय लवकरात लवकर करावेत. आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे क्विंटलचे पोते पाठीवर जात राहिले. 'त्यांना सवय असते' हे त्याचे ठरलेले समर्थन. वास्तविक पोते केवढे शिवायचे हा निसर्गनियम नव्हे. बारदान, वाहतूक आणि मोजणीची सोय पाहून कोणीतरी तो आकार ठरवलेला असतो, आणि तो ठरवणाऱ्याला पोते उचलायचे नसते. हमाल संघटनांनी लढून पन्नास किलोची मागणी पुढे रेटली, तेव्हा धान्याचा व्यापार काही बुडाला नाही.

या चित्रात खोटही आहे, आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेतकऱ्याची हिशेबपट्टी पाहिलीत तर हमाली, तोलाई, वाराई या कपाती त्याच्याच रकमेतून झालेल्या दिसतील. म्हणजे एका कष्टकऱ्याची मजुरी दुसऱ्या कष्टकऱ्याच्या घामातून निघते आणि मधला व्यापारी कोरडा राहतो. नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव 2024 च्या एप्रिलमध्ये याच हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादातून बंद पडले होते. माझ्या मते लेव्हीचा बोजा खरेदीदाराने उचलायला हवा, पण शेतकऱ्यांची आणि हमालांची बाजू एकाच तोंडाने मांडणारे नेते कमी, हे कबूल केले पाहिजे. दुसरी खोट म्हणजे माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या. त्यांना पाठीशी घालणे हा समाजवाद नव्हे. त्यांच्यामुळे सर्वांत जास्त बदनामी खऱ्या हमालाचीच होते. तिसरी गोष्ट बायकांची. गाळ्यापुढे सांडलेले धान्य झाडून, चाळून, निवडून देणाऱ्या बायका त्याच बाजारात राबतात, पण 'कामगार' म्हणून त्यांची गणती व्हायला पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त झगडावे लागले.

इथे महाराष्ट्रातल्या समाजवादी विचाराचे एक वेगळेपण सांगायला हवे. केवळ मालक आणि मजूर एवढ्या दोन खणांत आपला समाज बसत नाही, हे इथल्या अनेकांनी लवकर ओळखले. ज्या बाबा आढावांनी हमालांच्या मजुरीचा लढा दिला, त्यांनीच सत्तरच्या दशकात गावचे पाणी दलितांनाही खुले व्हावे म्हणून 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम चालवली. मजुरी वाढली तरी विहिरीवर वेगळे उभे राहावे लागत असेल, तर त्या वाढीव मजुरीला अर्थ किती?

आपल्या मूळ शंकेकडे, म्हणजे न करणाऱ्याला देण्याकडे, आता वळतो. आपण महाराष्ट्रात पगारदार असाल तर पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराची कपात पाहा: बहुतेकांची महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता लावला गेला. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची (ते काँग्रेसचे होते, चांगल्या कल्पनेचे पेटंट कोणत्या एका पक्षाकडे नसते), 1972 च्या दुष्काळाने तिला गती दिली आणि कायदा 1979 पासून अमलात आला. त्यातून कोणाला घरबसल्या पैसे मिळाले नाहीत. भर उन्हात खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून लोकांनी मजुरी घेतली. मागेल त्याला काम मिळेल, एवढीच ती हमी होती.

आजचा हमाल मोटारसायकलवर फिरतो आणि त्याचा मुकादम मोबाइलमध्ये असतो. राजस्थानने 2023 मध्ये केलेल्या गिग कामगारांच्या, म्हणजे ॲपवरून सुटी कामे घेणाऱ्यांच्या, कायद्यात कामगारांची नोंदणी, व्यवहारामागे शुल्क आणि कल्याण मंडळ अशी तरतूद आहे, म्हणजे आपल्या माथाडी मंडळाचाच नवा अवतार. पण डिलिव्हरीचा दर अजूनही कंपनीच ठरवते.

घरकाम करणाऱ्या बाईंसाठी महाराष्ट्राने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, पण घरमालकावर माथाडीसारखी लेव्हीची सक्ती त्यात नाही. त्यामुळे तिथे सध्या तरी आपल्याच हातात बरेच आहे: आठवड्याची सुट्टी आधीच ठरवणे, आजारपणाचा खाडा न कापणे, काम वाढले की पगारही वाढवणे, आणि सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांनी मिळून दर ठरवला तर 'यांना कोणीतरी फूस लावली' असे न म्हणता त्यांच्याशी बोलायला बसणे. पहिल्या तीन गोष्टी शेठच्या भलेपणातच मोडतात. चौथी करायला आपल्यापैकी बहुतेकांना, मला धरून, जड जाते.