धनुष्याला पॉलिश की तेल?

प्रश्न: घरीच बांबूचं धनुष्य बनवलंय, पण ओढलं की खालची बाजू जास्त वाकते. फिनिशिंगला फ्रेंच पॉलिश मारू की तेल? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: अहो, पॉलिशचं नंतर बघू, आधी ते वाकणं सारखं करा. खालच्या बाजूला हात लावू नका, वरची जी कडक राहिलीय ती आतून म्हणजे तुमच्या तोंडाकडच्या बाजूने थोडी थोडी खरवडा, मग दोरी चढवून हळूच ओढून बघा, परत खरवडा, आणि हो, यात धनुष्याचा जोर थोडा कमी होणारच. बाहेरची साल मात्र तासायची नाही, सगळा ताण तिथले धागे घेतात, ते कापले गेले की धनुष्य तिथूनच तुटतं.

मग 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर (सँडपेपर) घासा. फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, दिसतं झकास पण ओल लागली की पांढरं पडतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीच आहे. मी तरी डबल बॉइल्ड (लवकर वाळणारं) अळशीचं तेलच म्हणेन, पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा, वरून मेण. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, उघडी पसरून वाळवा. बाकी वापर नसेल तेव्हा दोरी उतरवून ठेवा.