बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा : मोटरहोमच्या विजेची प्रश्नोत्तरे

या खेपेच्या प्रश्नांत एक वाक्य सारखं येतंय : 'बॅटरी नवी टाकली, तरी तेच.' नवी टाकूनही तेच होत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत नव्हताच. खाली 'इंजिनाची बॅटरी' म्हणजे सेल्फ मारणारी आणि 'घरची बॅटरी' म्हणजे फ्रिज, दिवे, पंप चालवणारी. डिजिटल मल्टिमीटर हाताशी हवा, साधासुधाही चालेल.

प्रश्न (मुलुंड) : टेम्पो ट्रॅव्हलरवर मोटरहोम बांधून घेतलंय. टपावर सोलर, आत १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) बॅटरी. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसा झकास चालतो, रात्री दोन-तीनला लो व्होल्टेजचा कोड दाखवून बंद पडतो. तेव्हा बॅटरीवर १२.३ व्होल्ट असतात. बॅटरी बदलून झाली, आता फ्रिज बदलायचा का?

फ्रिजला हात लावू नका. बॅटरीवर १२.३ आहेत हे खरं, पण फ्रिजपाशी किती पोचतात ते तुम्ही पाहिलेलंच नाही, आणि फ्रिज निर्णय घेतो तो त्याच्या स्वतःच्या पिनांवरच्या व्होल्टेजवरून. दिवसा सोलरमुळे बॅटरीच्या टोकांवर १३.५ किंवा जास्त असतात. वाटेत एखादा व्होल्ट गळाला तरी खपून जातं. सूर्य मावळला की ते उसनं बळ जातं आणि गळती उघडी पडते.

हिशोब करून बघा. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर झाली १२ मीटर. अडीच एमएमच्या (म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) वायरीचा एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.१ ओहम. फ्रिज चालताना ५ अँपिअर ओढतो, म्हणजे अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर याच्या दुप्पट करंट लागतो, तेव्हा पूर्ण एक व्होल्ट जातो. फ्रिज नेमका त्याच क्षणी 'लो' म्हणून हात वर करतो. हीच वायर सहा एमएमची असती तर चालताना ०.२ व्होल्टच गळाले असते.

गळती शोधायची रीत अशी. फ्रिज चालू असतानाच मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फ्रिजच्या प्लसवर. जो आकडा येईल तो प्लस बाजूची गळती. मग तसंच मायनस ते मायनस. दोन्ही मिळून ०.३ च्या आत हवं. जास्त असेल तर एक काडी बॅटरीवरच ठेवून दुसरी एकेक सांधा पुढे सरकवा : फ्यूज होल्डरच्या अलीकडे, पलीकडे, स्विच, जोड, सॉकेट. आकडा जिथे एकदम उडी मारतो, चोर तिथेच.

आमचा पहिला संशय सिगारेट लायटरच्या सॉकेटवर. आतला संपर्क फक्त एका स्प्रिंगवाल्या पिनेच्या भरवशावर असतो. प्लग उपसून टोक बघा : पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळसर, किंचित वितळल्यासारखं दिसलं की उत्तर मिळालं. तो सॉकेट फ्रिजसाठी कायमचा बाद करा आणि अँडरसन कनेक्टर (जास्त करंट झेपणारा घट्ट बसणारा प्लग) किंवा स्क्रूचं टर्मिनल लावा. दुसरा संशय थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीवर. थिंबलपासून दोन इंच इन्सुलेशन सोलून पाहा. तांबं लालसर चकचकीत असेल तर ठीक. काळं पडलेलं, हिरवट भुकटी सुटणारं असेल तर खारी हवा आत शिरली आहे आणि नुसतं थिंबल बदलून भागणार नाही, स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर मागे कापावी लागेल. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाड्यांना कल्हई केलेल्या तांब्याची वायर घालावी ती एवढ्याचसाठी.

शेवटी फ्रिजची बॅटरी-प्रोटेक्शन सेटिंग पाहा, म्हणजे किती व्होल्टला बंद पडायचं ते. 'एच' (हाय) ही पायरी इंजिनाची बॅटरी वाचवण्यासाठी असते, घरच्या बॅटरीवर 'एम' (मीडियम) ठेवा. पण वायर तशीच ठेवून नुसती सेटिंग उतरवलीत तर ती पळवाट झाली.

प्रश्न (वर्सोवा) : सोसायटीच्या सॉकेटला गाडी लावली की पावसाळ्यात आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडतो, उन्हाळ्यात कधीच नाही. इलेक्ट्रिशियनने प्लगची अर्थ पिन काढून दिली, आता उडत नाही. असं चालेल का?

नाही. आज, आत्ता ती पिन परत लावा आणि तोवर गाडी सोसायटीच्या विजेला जोडूच नका.

मोटरहोम रबरी टायरांवर उभं असतं. आत फेज कुठे बॉडीला टेकत असेल आणि अर्थ नसेल, तर अख्खा पत्रा २३० व्होल्टवर जाऊन बसतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. मग ओल्या पायांनी कुणीतरी दाराची मूठ धरतं, आणि जमिनीकडे जाणारा रस्ता तो माणूसच होतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तोलत असतो, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. तो बिचारा खरं तेच सांगत होता.

दोष शोधताना क्रम मोडू नका. आधी नुसती केबल सॉकेटला लावा, दुसरं टोक गाडीपासून सोडवून, कोरडं, लटकतं. उडाला तर केबल किंवा तिचा प्लग. नाही उडाला तर गाडीच्या अंगावरचा इनलेट (केबल जिथे लावतो तो सॉकेट) बघा. झाकणाची रबरी कडा कडक होऊन चिरते, पाणी पिनांच्या मुळाशी साचतं आणि पिनांभोवती हिरवी-पांढरी साय धरते. केबल काढून तो पुसा, वाळवा, कडा बदला. तिसऱ्या पायरीला गाडीतले सगळे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे छोटे स्विच) पाडून जोडा आणि एकेक वर करा.

इथे बरेच जण फसतात. गाडीतले एमसीबी बहुधा सिंगल पोल असतात, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल आणि अर्थ कुठे चिकटले असतील तर सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी उडू शकतो. म्हणून उपकरणं नुसती बंद करू नका, प्लग उपसून काढा. पहिला गीझर काढा : त्याच्या एलिमेंटमधली पांढरी पूड दमट हवेत ओल शोषते, आणि महिनोन् महिने न वापरलेला गीझर पावसाळ्यात हमखास अर्थकडे करंट गळू देतो. सगळं काढूनही उडत असेल तर इन्व्हर्टर. काही इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना न्यूट्रल-अर्थ आतून जोडतात, बाहेरची वीज आली की ती जोड सुटायला हवी. फिटरने ती तार मारून कायमची केली असेल तर सोसायटीचा आरसीसीबी तुम्हाला सुखाने राहू देणार नाही. ही जोड सोडवणं जाणकार इलेक्ट्रिशियनचं काम, अर्थ पिन उपटणाऱ्याचं नव्हे.

जाता जाता : रिळावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर वापरत असाल तर पूर्ण उलगडा. गुंडाळी आतून तापते आणि इन्सुलेशन मऊ होऊन वायरी एकमेकींना चिकटतात.

प्रश्न (ठाणे) : नवी बीएस-६ गाडी. मुंबईहून मालवणला दहा तास गाडी चालवली तरी घरची बॅटरी अर्धीच भरते. जुन्या गाडीत हाच रिले (इंजिनाची आणि घरची बॅटरी जोडणारा स्विच) उत्तम चालत होता.

रिले तोच, पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, बदलला. जुना अल्टरनेटर गाडी चालू असेपर्यंत १४ व्होल्टच्या आसपास देत राहायचा. नवे पुष्कळसे 'स्मार्ट' असतात : इंजिनाची बॅटरी पुरेशी भरली की इंधन वाचवायला व्होल्टेज १२.५ च्या घरात उतरवतात, ब्रेक मारताना वर नेतात. तुमचा व्होल्टेज-सेन्सिंग रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, म्हणजे बराचसा प्रवास तो सुटलेलाच असतो. खात्री करायची तर सोबत्याला घरच्या बॅटरीवर मीटर धरून बसवा आणि हायवेवर दर दहा मिनिटांनी आकडा टिपायला सांगा.

उपाय : डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाकडून व्होल्टेज कमी आलं तरी घरच्या बॅटरीला हवं तेवढं करून देणारा. १५० एएचच्या लेड बॅटरीला ३० अँपिअरचा पुष्कळ झाला. बाहेर ३० द्यायला तो आत ४० च्या आसपास ओढतो, म्हणून इंजिनाकडून येणारी वायर १६ एमएमची, आणि तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीजवळ, ६० अँपिअरचा फ्यूज. त्याची सिग्नलची वायर इंजिन चालू असतानाच वीज येते अशा ठिकाणी जोडा. आणि मायनस इंजिनाच्या बॅटरीच्या टोकावर थेट कसू नका. त्या टोकावर बसवलेली छोटी डबी म्हणजे करंट मोजणारा सेन्सर. त्याला वळसा घातला की गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. मायनस चासीवर घ्या, रंग खरवडून.

प्रश्न (दादर) : दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी दीड वर्षाची आहे.

उभ्या गाडीत काहीतरी वीज पितंय. २० ते ५० मिलिअँपिअर रास्त. ०.३ अँपिअर असेल तर दिवसाला ७ एएच, म्हणजे ७० एएचची बॅटरी पाच दिवसांत अर्धी.

मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. मायनसची वायर काढण्याआधीच एक काडी बॅटरीच्या टोकावर आणि दुसरी वायरीच्या थिंबलवर घट्ट धरा, मग थिंबल उचला. असं केल्याने पुरवठा तुटत नाही आणि कॉम्प्युटर झोपलेले राहतात. तरीही गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग वाचा. या अवस्थेत सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज उपसा. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि बाहेरून बसवलेला स्टिरिओ, हे तिघे आधी तपासा. फास्टॅगवर आळ घेऊ नका, त्याला गाडीची वीज लागतच नाही. घरच्या बाजूला इन्व्हर्टर रिकामाच चालू राहिला तर तो एकटा १ अँपिअरहून जास्त खातो.

प्रश्न (बोरिवली) : १०० एएचच्या बॅटरीवर १५०० वॉटचा इंडक्शन चालेल?

नाही. इन्व्हर्टरची तूट धरून १४० अँपिअर लागतात. लेड बॅटरी एवढ्या ओझ्याखाली मिनिटांत १०.५ व्होल्टवर येते आणि इन्व्हर्टर शिट्टी मारतो. १०० अँपिअर बीएमएसची (बॅटरी जपणारं आतलं सर्किट) लिथियम असेल तर ती स्वतःच तोडेल. ६०० वॉटवर चहा करा, पोळी-भाजीला गॅस.

प्रश्न (विरार) : २०० वॉटच्या सोलरवर मे महिन्यात भागायचं, जुलैत तारकर्लीला बॅटरी भरेना. पॅनेल गेलं का?

बहुधा नाही. ढगाळ जुलैत उत्पन्न निम्म्यावर येतं, मुसळधार दिवशी पाव भागही मिळत नाही. त्यात नारळाखाली गाडी लावलीत. एका झावळीची सावली पॅनेलचा मोठा भाग आडवा करते. पडताळायचं तर उन्हात पॅनेल कंट्रोलरपासून सोडवून व्होल्टेज मोजा. ३६ सेलच्या पॅनेलवर १९ ते २२ यायला हवेत. जोडताना मात्र आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडताना उलट.

प्रश्न (चेंबूर) : लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतोय. मेन फ्यूज किती अँपिअरचा?

फ्यूज वायरीला वाचवतो, बॅटरीला नव्हे, म्हणून तो वायरीवरून ठरतो : ६ एमएमला ३०, १६ ला ६०, ३५ ला १२५. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवा. लिथियमला क्लास-टी प्रकारचा घ्या. शॉर्ट झाल्यावर ती हजारो अँपिअर सोडू शकते आणि साधा स्ट्रिप फ्यूज वितळला तरी मधली ठिणगी विझत नाही. थिंबल वायरीच्या मापाचंच घ्या, ३५ च्या वायरीवर ५० चं थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका. मुंबईच्या लोहार चाळीत हायड्रॉलिक क्रिंपिंग (थिंबल दाबून बसवणं) करून देणारे असतात, तिथे वायरींची मापं लिहून न्या. पुढे कधी हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवणारा बीएमएस आहे ना, ते घेतानाच विचारा.