किमो मुंबईला, घर राजापूरला, मग घरी वेगळी नर्स ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की आईची किमो मुंबईला चालू आहे, राहता राजापूरला, तर साइड इफेक्ट सांभाळायला घरी नर्स ठेवावी का. आम्ही देवगडचे, माझ्या बाबांना आतड्याचा कॅन्सर होता, किमोच्या ८ सायकल (फेऱ्या) झाल्या, तेव्हा जे बघितलं ते सांगते.

नर्सिंग ब्यूरोतून घरी येणारी बाई अंघोळ घालायला, उठवायला-बसवायला चांगली, पण तिला किमोचं काही माहीत असेलच असं नाही. तुम्हाला हवी ती डे केअरची, म्हणजे किमो देतात त्या वॉर्डची सिस्टर, जी ड्रिप लावते ना तीच, तिचं शिक्षण आणि हात दोन्ही याच कामात बसलेले असतात. तिचा किंवा वॉर्डचा नंबर घेतल्याशिवाय गाडीत बसूच नका.

बाबांना ऑक्सॅलीप्लॅटिन नावाचं किमोचं औषध होतं, सिस्टरनी बजावलेलं की थंड कशालाही हात नाही. आम्ही फ्रीजचं पाणी तेवढं बंद केलं आणि बाबा चौथ्या दिवशी बंदरावरून बर्फातली सुरमई हातात धरून आले, बोटांना करंट लागल्यासारखं व्हायला लागलं, सगळे घाबरलो. फोनवर सिस्टर म्हणाल्या कोमट पाण्यात हात धरा, आणि मुंग्या किती दिवस राहतात ते लिहून आणा, जास्त टिकल्या तर डॉक्टर डोस कमी करतात. किमोच्या गोळ्यांनी तळपाय सोलायला लागले तेव्हा युरियाचं क्रीम त्यांनीच सुचवलं, आणि तापलेल्या जांभ्यावर अनवाणी जायचं नाही हेही. आईची औषधं वेगळी असतील, त्यामुळे तिचं तिच्या सिस्टरलाच विचारा.

पण तापाचं मात्र नीट वाचा. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तिसऱ्या सायकलच्या दहाव्या दिवशी रात्री बाबांना १०१ ताप आला, जवळच्या एका डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली आणि सकाळी बघू म्हणाले. मी सिस्टरना फोन लावला, त्या म्हणाल्या १०० पॉइंट ४ च्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, गोळीने ताप फक्त झाकला जातो, आत्ताच ॲडमिट करा आणि दारातच सांगा की किमो चालू आहे. रात्रीच गाडी काढली, पेशी अगदी खाली आलेल्या, लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, ५ दिवस ठेवलं. तो फोन केला नसता तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही.

हातात पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवून ठेवलेली बारीक नळी) असेल तर दर आठवड्याला फ्लश आणि ड्रेसिंग लागतं, त्यासाठी दरवेळी मुंबई गाठणं कसं जमणार, म्हणून जवळच्या हॉस्पिटलात ते कोणाला येतं हे आधीच विचारून ठेवा. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलला कॅन्सर विभाग आहे, तिथेही चौकशी करा. आणि फाइलचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आमची त्या रात्री घाईत घरीच राहिली होती.