क्रिमसन रोझसाठी ईश्वरी लावताना

पुण्यात गच्चीवर क्रिमसन रोझ हे फुलपाखरू यावं असं वाटत असेल, तर फुलझाडांआधी ईश्वरीची वेल लावा. त्याच्या अळ्या हिचीच पानं खातात. शोभेची बदकवेल घेऊ नका, देशी ईश्वरीच हवी. आणि एका वेलीवर भागत नाही! अळ्या मोठ्या झाल्या की दोन-तीन दिवसांत वेल बोडकी करतात आणि मग उपाशी मरतात. बारा इंची कुंड्यांत निदान चार वेली हव्यात. पानाखाली तांबूस अंडी दिसली, की कडुनिंबाचा फवाराही बंद. अळ्या त्यानेही दगावतात. लाल काट्यांची काळपट अळी वेल सोडून निघाली, तर उचलून परत ठेवू नका. ती कोषासाठी जागा शोधत असते, म्हणून शेजारच्या वाळक्या काटक्या राहू द्या. अळ्या डब्यात पाळणं मात्र टाळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे फुलपाखरू संरक्षित आहे.