आई गेल्यावर ‘श्यामची आई’ हाती घेताना

ताई, आई गेल्यावर ‘श्यामची आई’ वाचताना पुस्तकातल्या आईची ओढ लागली, असं तुम्ही लिहिलंत. यात काहीच गैर नाही. माझंही तेच झालं होतं. साने गुरुजींनीसुद्धा १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या गेलेल्या आईलाच कागदावर आणलं.

सध्या एवढंच सांभाळा:

- दिवसाला एकच ‘रात्र’, म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण, वाचा. एकूण ४२ आहेत. मी सलग वाचत सुटले आणि आठवडाभर घास उतरेना.
- शेवटच्या रात्रींत आईचं आजारपण आणि मरण आहे. त्या आत्ता नकोच.
- श्यामची आई आणि तुमची आई यांची तुलना होईल, नि आपली उणी वाटेल. इथेच बहुतेकजण चुकतात. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई मारते, ती रात्र आधी वाचा. मग तुमची आई कशी चिडायची, ते वहीत लिहा.

आणि बाबांना एखादं पान मोठ्यानं वाचून दाखवा.