टाकी रिकामी, फरशी ओली

मे महिना लागला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, झोपेतून उठतात आणि इकडे पाण्याच्या तक्रारी सुरू होतात. यावेळी इतक्या आल्या की अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय, आणि एक पत्र चक्क पुण्याचं आहे. उत्तरांच्या आधी सगळ्यांना मिळून एकच सांगतो, गळती "कुठून" होते हे नंतर बघा, आधी "कधी" होते ते बघा. पंप चालू असताना? कॅम्पग्राउंडचा होज लावल्यावर? फक्त नळ सोडल्यावर? पाणी तापल्यावर? गाडी पळताना? एवढं कळलं की अर्धी गाडी उघडायची वाचते. आणि नळ सोडला तरच ओलं होत असेल तर बहुतेक ती पिण्याच्या पाण्याची गळतीच नाही, सिंकखालचा ड्रेनचा पाइप बघा.

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही मिशिगनला असतो. मागच्या वर्षी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. रात्री सगळे नळ बंद असतात तरी पंप मधूनच घर्रर्र करून दोन सेकंद चालतो आणि गप्प, परत थोड्या वेळाने तेच. मुलं म्हणतात भूत आहे. सगळी कपाटं उघडून बघितली, कुठे थेंब नाही. पंपच बदलून टाकू का?

उत्तर : अजिबात नको, निदान आज तरी नको. तो 12 व्होल्टचा पंप स्वतःच्या मनाने चालत नाही, त्याला प्रेशर स्विच असतो. लाइनमध्ये साधारण 45 ते 55 पीएसआय (दाब मोजायचं एकक) प्रेशर झालं की बंद, आणि प्रेशर उतरलं की चालू. म्हणजे नळ बंद असूनही प्रेशर उतरतंय, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, आणि जायला रस्ते दोनच, एक तर लाइनच्या बाहेर नाही तर पंपातून उलटं परत टाकीत. तुमच्याकडे थेंब सापडत नाही म्हणून मला दुसऱ्याचा संशय जास्त आहे. पंपात एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, त्याचं काम पाणी मागे जाऊ न देणं. त्याच्यात वाळूचा कण किंवा टाकीला भोक पाडताना राहिलेला प्लॅस्टिकचा कीस अडकला की तो नीट बसत नाही.

हे तपासायला हत्यार लागत नाही. टाकी अर्धी करा, पलंगाखालची फळी काढून टाकीच्या अंगावर पाण्याच्या पातळीला मास्किंग टेपची पट्टी लावा (भिंतीवरच्या पॅनलचे चार दिवे बघू नका, ते रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि फुल्ल यापलीकडे काही सांगत नाहीत आणि तेही बऱ्याचदा खोटं). आता पंप बंद करा, रेग्युलेटर (प्रेशर मर्यादेत ठेवणारा) लावून बाहेरच्या नळाचा होज जोडा आणि दोन तास जा फिरायला. परत आल्यावर पाणी पट्टीच्या वर चढलेलं असेल तर चोर सापडला, बाहेरचं पाणी पंपातून उलटं टाकीत शिरतंय. फक्त होजने टाकी भरायची वेगळी कळ तुमच्या ट्रेलरला असेल तर ती आधी नीट बंद आहे ना बघा, कधीकधी तीच पास होत असते. चेक व्हॉल्व्ह बऱ्याच पंपांना पुढच्या डोक्यासकट वेगळा मिळतो, नाहीच मिळाला तर पंपाच्या पुढे लाइनमध्ये एक पितळी चेक व्हॉल्व्ह टाका, बाणाची दिशा बघून.

पातळी चढलीच नाही तर मग पाणी बाहेरच जातंय आणि तुम्हाला दिसत नाहीये. पहिला कमोड बघा. त्याचा व्हॉल्व्ह हळूहळू बाऊलमध्ये झिरपत असतो आणि खालचं रबर थोडं खराब असेल तर ते पाणी सरळ काळ्या, म्हणजे मैल्याच्या टाकीत जातं, फरशीवर येतच नाही. बाऊल कोरडा पुसा, कडेच्या खाली टिश्यू चिकटवा, सकाळी बघा. मग बाहेरचा शॉवर, ज्याचं झाकण कुणीच उघडत नाही, लोक हँडलचं बटण दाबतात आणि मागचे दोन्ही नळ तसेच उघडे ठेवतात. त्यानंतर हीटर. हीटरचे बायपास व्हॉल्व्ह (हीटरला वगळून पाणी पुढे नेणारे) फिरवून हीटर वेगळा काढा, घर्रर्र थांबलं तर गळती हीटरकडे आहे. आणि जिथे जॉइंट आहे तिथे हात फिरवून काही कळत नाही, टॉयलेट पेपर फिरवा, एवढासा ओलावा पण लगेच डाग दाखवतो.

प्रश्न : काका, न्यू जर्सीहून. थंडीत आम्ही फक्त पाणी काढून टाकलं होतं, पाइप गोठू नयेत म्हणून घालतात ते गुलाबी अँटीफ्रीझ वगैरे काही घातलं नव्हतं. आता होज लावला तर कमोडच्या मागून कारंजं उडालं, बायकोने धावत जाऊन बाहेरचा नळ बंद केला. अजून कुठे कुठे फुटलं असेल?

उत्तर : वहिनींना सलाम, नळ आधी बंद करणं हेच बरोबर. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, आणि टाकी रिकामी केली म्हणजे लाइन रिकामी झाली असं होत नाही, वळणात, व्हॉल्व्हच्या पोटात पाणी राहतंच. लाल निळा पेक्स (लवचिक प्लॅस्टिकचा) पाइप स्वतः जरा ताणला जातो आणि बहुतेक वेळा वाचतो, फुटतात ते त्याचे प्लॅस्टिकचे एल्बो आणि टी. आणि ठरलेली गिऱ्हाइकं म्हणजे कमोडचा व्हॉल्व्ह, बाहेरचा शॉवर, पंपाच्या आधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी, आणि होज जोडतो त्या तोंडातला चेक व्हॉल्व्ह.

आता परत पाणी लावू नका, हवेने बघा. होजच्या तोंडाला बसणारा छोटा ॲडॉप्टर मिळतो, त्यातून कंप्रेसरने 30 पीएसआय हवा भरा, जास्त नको, आणि घरात सगळे शांत बसा. फुस्स आवाज ऐकू येतो. जिथे आवाज तिथे डिश सोपचं पाणी ब्रशने लावा, फुगे आले की खूण करा. हवेने फरशी ओली होत नाही हा मोठा फायदा, कारण खालची प्लायवूड एकदा फुगली की मग पाइपापेक्षा तिचाच खर्च मोठा.

कमोडचं म्हणाल तर, पाणी सतत उडत असेल तर व्हॉल्व्ह गेलाय, आणि फक्त फ्लश करताना मागून येत असेल तर वर असतो तो व्हॅक्यूम ब्रेकर (कमोडचं पाणी उलटं लाइनमध्ये जाऊ न देणारा भाग). दोन्ही वेगळे मिळतात, अख्खा कमोड घ्यायची गरज नाही, दुकानदार काही का म्हणेना. पेक्सचा तुटलेला एल्बो काढायचा तर क्रिंपचं हत्यार विकत घ्यायच्या आधी शार्कबाइट टाइपचे दाबून बसवायचे जॉइंट वापरा. पाइप काटकोनात कापा, कडा साफ करा, किती आत जायला हवा तिथे मार्करने खूण करा आणि खुणेपर्यंत ढकला. तीन वर्षांनी गळणारे जे जॉइंट असतात ते बहुतेक असे असतात की खुणेआधीच हात थांबलेला असतो. तुमची गाडी 1995 च्या आधीची असेल आणि पाइप राखाडी असेल तर तो पॉलिब्युटिलीन, त्याला एका जागी ठिगळ लावून भागत नाही, हळूहळू सगळाच बदला.

पुढच्या थंडीला गुलाबीच घाला, ते प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं कूलंट चुकूनही नाही, ते विष आहे. आणि हीटर बायपास करून घाला, नाही तर 6 गॅलन गुलाबी नुसतं हीटरच्या पोटात जाईल.

प्रश्न : टेक्सासमधून लिहितोय. हीटर चालू केला की बाहेरच्या जाळीच्या झाकणातून थेंब थेंब पाणी येतं, आत एक कळवाला व्हॉल्व्ह आहे त्यातून. मित्र म्हणतो तिथे बूच मारून टाक.

उत्तर : मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, 150 पीएसआय किंवा 210 फॅरनहाइटला उघडण्यासाठी ठेवलेला, त्याला बूच मारणं म्हणजे गॅसच्या शेगडीवर बंद डबा ठेवणं. आणि तुमचा व्हॉल्व्ह बहुतेक खराब पण नाहीये. हीटरच्या टाकीत वर थोडी हवा असावी लागते, पाणी तापून फुगलं की ती दबते. ही हवा हळूहळू पाण्यात विरून जाते, मग फुगायला जागा राहत नाही आणि प्रेशर व्हॉल्व्हवर येतं.

हीटर बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, पंप बंद, होज बंद, आतला एक गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे प्रेशर जाईल. मग व्हॉल्व्हची कळ उचला, पाणी वाहील, वाहायचं थांबेपर्यंत उचलून धरा, सोडून द्या म्हणजे ती टप्पकन बसेल, नळ बंद करा. झाली हवा तयार. एवढं करूनही गळत असेल तर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसलाय, बदला. आणि खालच्या बुचातून गळत असेल तर ते वेगळं, सबर्बन कंपनीच्या हीटरला तिथे मॅग्नेशियमची कांडी असते, ॲटवूडच्या ॲल्युमिनियम टाकीला पांढरं नायलॉनचं बूच. दोन्हीच्या आट्यांना टेफ्लॉन टेप, आणि गरम असताना, प्रेशर असताना तिथे पाना लावायचा नाही, वाफाळतं पाणी थेट अंगावर येतं.

रेग्युलेटर वापरता का हे लिहिलं नाहीत. जुन्या कॅम्पग्राउंडला प्रेशर मनाला येईल तसं असतं, रात्री सगळे झोपले की तर अजून वाढतं. मीटरवाला ॲडजस्ट होणारा घ्या, 45 ते 50 वर ठेवा, आणि तो पार्कच्या नळाला लावा, ट्रेलरकडे नाही, म्हणजे होज पण वाचतो.

प्रश्न : पुणे. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली. प्लंबरने घरातल्यासारखंच सीपीव्हीसी सोल्युशन लावून केलंय. प्रत्येक वेळी ताम्हिणी उतरलो की एखादा जॉइंट गेलेला. प्लंबर म्हणतो गाडी हळू चालवा.

उत्तर : 2021 साली महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून अशा गाड्या वाढल्यात, पण प्लंबर घरांचेच आहेत. भिंतीतला पाइप हलत नाही म्हणून तिथे सीपीव्हीसी उत्तम. गाडीत सगळंच हलतं, आणि चिकटवलेल्या कडक पाइपला जिथे वाकता येत नाही तिथे तो जॉइंटला तडकतो. पेक्स मिळाला तर पेक्स, नाही तर फूड ग्रेडचा ब्रेडेड पाइप आणि एसएसचे क्लँप. सगळं एकदम बदलायचं नसेल तर निदान पंपाच्या दोन्ही बाजूंना दीड दीड फूट मऊ पाइप टाका, पंपाचा हादरा पुढे जाणार नाही, आणि राहिलेला पाइप रबर लावलेल्या क्लिपांनी बॉडीला पकडा, मोकळा लोंबता ठेवू नका.

पंपाच्या नटाला प्लंबरने पान्याने आवळून टेप गुंडाळली असेल बघा, मी पैजेवर सांगतो. त्या फिरत्या नटात आत रबराचा वॉशर असतो, पाणी तो अडवतो, आट्या नाही. तिथे टेप नको, हाताने घट्ट आणि वर पाव आटा, बस. टेप फक्त निमुळत्या आट्यांना. टाकी 100 लिटरची असेल तर भरल्यावर 100 किलोचं वजन ब्रेक मारला की पुढे धाव घेतं आणि टाकीच्या तोंडावरचं फिटिंग तडकतं, म्हणून पट्टे मारा आणि पुढे मागे अडसर लावा. टँकरचं पाणी भरत असाल तर पंपाच्या आधीची गाळणी दर ट्रिपनंतर उघडायची. तिची रिंग कोरडी बसली की हवा ओढते, मग पंप खोकल्यासारखा चालतो आणि बाहेर थेंब मात्र दिसत नाही.

प्रश्न : ट्रेलर ओढताना मागच्या चाकाजवळ पाणी सांडतं, थांबलो की बंद. आणि खालचं काळं प्लॅस्टिक शीट मधेच लोंबायला लागलंय. एकच गळती का दोन?

उत्तर : दोन असू शकतात. पहिली बहुतेक गळतीच नाही, टाकीला हवेची आणि ओव्हरफ्लोची नळी असते, काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पाणी हिंदकळून तिथून बाहेर पडतं, कधी एकदा धार लागली की सायफनसारखं बरंच जातं. नळीला बूच मारू नका, टाकीला श्वास लागतो. टाकी पाऊण भरा, 40 गॅलन म्हणजे तसंही 330 पौंडांच्या वर वजन होतं. हा, खालचे दोन ड्रेनचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत का ते मात्र वाकून बघा.

लोंबणाऱ्या शीटला मात्र घाबरा. वर कुठेतरी गळतंय आणि पाणी शीटवर साठलंय, आणि ते जिथे लोंबतं तिथेच वर गळती असते असं नाही, उताराने वाहत येतं. सगळ्यात खालच्या जागी छोटं भोक पाडा, बादली ठेवा. निथळलं की नुसता पंप लावून तासभर बघा, परत आलं तर पाण्याची लाइन. नाही आलं तर सिंक आणि शॉवर सोडून बघा, तेव्हा आलं तर ड्रेन. दोन्हीत कोरडं राहून फक्त पावसात येत असेल तर छत, आणि छताचं प्रकरण पुढच्या अंकात.

प्रश्न : टाकीलाच बारीक चीर आहे. एम-सील चालेल का?

उत्तर : नाही. टाकी पॉलिएथिलीनची असते, त्याला कुठलंच एपॉक्सी धरत नाही, चार दिवसांनी खपलीसारखं निघतं. प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडे टाकी उतरवून न्या. फिटिंगजवळ चीर असेल तर वेल्डिंगनंतर तिथला पाइप क्लिपने वेगळा पकडून घ्या, नाही तर त्याच्या वजनाने तिथेच परत फाटेल.