व्याजदर उतरले म्हणून ठेवी मोडाव्यात का?

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नोकरी करतो. वय ४२. बचतीचा मोठा भाग पतसंस्थेतील मुदत ठेवीत असून, गुजरीतून वेळोवेळी घेतलेले थोडे दागिनेही आहेत. ठेवींचे व्याज उतरल्यामुळे त्या मोडून सगळी रक्कम शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात घालावी, असा मित्रांचा आग्रह आहे. पाच वर्षांनी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे लागतील; निवृत्तीला सोळा वर्षे आहेत. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : व्याजदर उतरले, एवढ्याच कारणासाठी सोळा वर्षांचा निर्णय घेऊ नये. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला आणि फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात पुन्हा ५.५० टक्क्यांपर्यंत खाली आला. आपल्या निवृत्तीपर्यंत असे चढउतार आणखी अनेकदा होतील. महागाई मात्र थांबत नाही. घरखर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो, आणि कर वजा जाता ठेवीचे व्याज या वाढीला जेमतेम पुरते. म्हणून निवृत्तीच्या पैशांतील काही भाग शेअर बाजारात असावा, हे मित्रांचे म्हणणे योग्य आहे.

मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना मात्र ते लागू होत नाही. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २१ हजारांवर पोहोचला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो काही काळ आठ हजारांच्या खाली गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये जुनी पातळी पुन्हा दिसली, पण तिच्या वर तो टिकला २०१४ मध्ये. प्रवेशाची तारीख बाजारासाठी थांबत नाही, त्यामुळे ही रक्कम ठेवीतच राहू द्यावी.

पण कोणत्या ठेवीत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बँकेतील ठेवींना, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. पाऊण-एक टक्का जादा व्याजासाठी आयुष्याची बचत एकाच पतसंस्थेत ठेवणारी अनेक कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत, याची मला खरोखर काळजी वाटते. आपल्या ठेवींची मुदत संपेल तशी रक्कम बँकांत विभागून ठेवावी आणि निवृत्तीचा हिस्सा त्यातूनच दरमहा निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातील सर्व कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, वळवावा.

‘दीर्घ मुदतीत बाजार वाढतोच’ हे वाक्यही तपासून घ्यावे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. म्हणूनच सर्व रक्कम एका दिवशी, एका देशाच्या बाजारात लावू नये.

दागिने विकू नयेत, मात्र त्यांना गुंतवणूकही मानू नये, कारण घडणावळ परत मिळत नाही. सोन्यालाही मंदी येते : २०११ मध्ये जागतिक बाजारात औंसाला सुमारे १,९०० डॉलर असलेला भाव २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास आला होता.

प्रश्न : परदेशी गुंतवणूक संस्थांनी शेअर्सची विक्री सुरू केली की आपणही बाहेर पडावे का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : नाही. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी संस्थांनी मोठी विक्री केली, पण त्याच महिन्यात देशातील ‘एसआयपी’ची, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणुकीची, रक्कम प्रथमच २५ हजार कोटींच्या पुढे गेली होती. परदेशी संस्थांच्या विक्रीमागे डॉलरचा भाव आणि अमेरिकेतील व्याजदर असतात. आपल्याला पैसे कधी लागणार, याच्याशी त्यांचा संबंध नसतो.